खर्जाची तार आणि दहा हजारांचं बजेट

रात्री साडेदहा ते बारा ही माझी ऐकण्याची वेळ. डोंबिवलीतलं वन बीएचके. हॉलमध्ये सासूबाई झोपलेल्या, आतल्या खोलीत लेकीचा दहावीचा अभ्यास, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी खुर्ची टाकून. स्पीकरचा प्रश्नच येत नाही. तारेचा, बंद कपांचा चांगला हेडफोन हवा आणि खर्च दहा हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही, असं ठरवून मी शोधायला लागले त्याला दोन वर्षं झाली. शेवटी ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम४०एक्स घेतला आणि गेले चौदा महिने तोच वापरते आहे. तो सगळ्यांसाठी सगळ्यात चांगला आहे असं माझं म्हणणं नाही. मी काय ऐकते, कुठे बसून ऐकते आणि माझ्या कानांभोवती काय काय असतं, यावरून ती निवड झाली. म्हणून आधी तेच सांगते.

मी मिरजेची. बाबांचं वह्या-पुस्तकांचं दुकान लक्ष्मी मार्केटजवळ होतं आणि शाळेतून दुकानात जाताना मी मुद्दाम वाट वाकडी करून सतारमेकर गल्लीतून जायचे. तिथल्या एका दुकानाच्या पायरीवर बसायची मला मुभा होती. तिथले कारागीर चाचा तंबोऱ्याची जवारी लावायचे, म्हणजे तारेचा आवाज भरून झळाळावा म्हणून घोडी घासून जुळवायचे, ते मी तासन्‌तास बघितलंय. तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, बसवलेली तारा पेलणारी घोडी, तिच्या वरच्या अंगाला अगदी किंचित बाक. त्या बाकावरून कानस दोन-तीनदाच फिरायची, मग तार चढवून छेडायची, ऐकायचं, परत उतरवायची. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवायचा. दोरा केसभर इकडे झाला तर आवाज मिटतो, केसभर तिकडे झाला तर पत्र्यासारखा झणझणतो, आणि मध्ये एका जागी तार उमलते. ती जागा सापडली की चाचा बोलायचे काही नाहीत, नुसते डोळे मिटायचे. तेव्हा खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्वराच्या, तारेतून गंधार ऐकू येतो. तो कुणी वाजवलेला नसतो, तारेतूनच उगवतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीवरचा तो स्वर.

हेडफोन पारखायला मी हीच फूटपट्टी लावली. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वरात) जुळवलेल्या मर्दानी, म्हणजे पुरुष गायकांच्या, तंबोऱ्याचं आठ मिनिटांचं ध्वनिमुद्रण फोनमध्ये घेतलं आणि जिथे गेले तिथे आधी तेच लावलं. त्यात खर्ज साधारण ६९ हर्ट्‌झला येतो, त्याचा गंधार साधारण ३४६ला, आणि जवारीची झळाळी त्याच्या वर काही हजार हर्ट्‌झपर्यंत पसरलेली असते. तळ, मध्य आणि टोक तिन्ही एकाच वाद्यात, आणि तेही न थांबता, त्यामुळे कान ताडून बघू शकतो. दुकानात स्वतःहून लावून देतात त्या गाण्यांत ढोल वाजत असतात, सगळंच भारी वाटतं आणि हेडफोनबद्दल काहीच कळत नाही.

माझा पहिला हेडफोन मी तसाच घेतला होता. साडेतीन हजारांचा, खोक्यावर बासचं मोठं कौतुक. घरी आल्यावर विलंबित ख्याल लावला आणि डग्गा अंगावर आला. डग्ग्यावरचा घिस्सा हा खरं तर तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने स्वर ओढत नेण्याचा प्रकार, त्यात खालून वर जाणारी एक रेघ ऐकू यायला हवी. इथे रेघ नव्हतीच, नुसता एकसारखा ढब्ब होता, आणि त्याच्याखाली तंबोरा गडप. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या कानाच्या गाद्यांचं रेक्झिन सुटायला लागलं. काळी टरफलं गालाला चिकटायची, उशीच्या पांढऱ्या अभ्र्यावर सापडायची. सासूबाईंना वाटलं मुंग्या झाल्या.

तेव्हा मी बंद कप हा प्रकार मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं. हेडफोनमधला पडदा जेवढा आवाज कानाकडे फेकतो तेवढाच मागच्या बाजूलाही फेकतो. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये तो मागचा आवाज जाळीतून निघून जातो. बंद कपात तो कोंडला जातो, आतल्या भिंतींवर आपटतो आणि पुन्हा कानाशी येतो. म्हणजे बंद कप हा एक छोटा भोपळाच. फरक एवढाच की तंबोऱ्यात भोपळ्याने गुंजावं म्हणून तो निवडून, वाळवून आणायचा असतो, आणि हेडफोनमध्ये कपाने स्वतःचं काहीही बोलू नये म्हणून आत फोम, कापूस, कोपऱ्यांची मापं अशी सगळी खटपट करावी लागते. स्वस्त हेडफोनात ही खटपट केलेली नसते. त्याचा भोपळा बोलतो आणि त्यालाच बास म्हणून विकतात.

मग उघड्या पाठीचाच का घेऊ नये, असं लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातल्या मुलाने विचारलं. त्याचा प्रश्न रास्त होता. त्याने लावून दिलेला उघडा हेडफोन फारच सुंदर होता, तंबोरा कानात न वाजता खोलीत वाजतोय असं वाटलं. पण ती खोली काचेची, बंद, आवाजाविना. माझ्या डोक्यावर मार्च ते ऑक्टोबर पंखा चारवर असतो. उघड्या हेडफोनातून पंख्याची सळसळ सरळ आत येते, ती झाकायला आवाज वाढवावा लागतो, आणि तो वाढवलेला आवाज जाळीतून हॉलमध्ये सासूबाईंपर्यंत जातो. कानांचाही विचार करायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी आहे, आणि आवाज वाढेल तसे हे तास झपाट्याने कमी होतात. पंख्यावर मात करण्यासाठी रोज रात्री आवाज चढवणं मला पटणारं नव्हतं.

शिवाय उघड्या हेडफोनाचं मोठं वैशिष्ट्य म्हणजे पसरलेला, रुंद आवाज; माझ्या ऐकण्यात त्याचा उपयोग थोडाच होतो. मी बहुतेक जुनं ऐकते. मल्लिकार्जुन मन्सूरांची, भीमसेनजींची आकाशवाणीची जुनी ध्वनिमुद्रणं, नाट्यपदांच्या तबकड्या, बाबांनी सांगली केंद्रावरून कॅसेटवर उतरवून घेतलेल्या मैफली. आमच्या मिरजेत राहिलेले आणि तिथेच दर्ग्याच्या आवारात विसावलेले अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले. त्यांचं गाणं आपल्यापाशी उरलंय ते ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. हे सगळं मोनो. डावं-उजवं असं त्यात नाहीच, गायक बरोबर मध्यभागी. रुंदीसाठी पैसे मोजायचे आणि ऐकायचं मोनो, हा हिशेब जुळत नव्हता.

मोनोने मला दुसरीही एक गोष्ट शिकवली, आणि जुनं संगीत ऐकणाऱ्याने हेडफोन घेताना ती सगळ्यात आधी तपासावी. ७८च्या तबकडीत आठ-दहा हजार हर्ट्‌झच्या पलीकडे गाणं जवळपास नसतंच, तिथे असते ती सुईची खरखर. कॅसेटमध्ये तीच जागा फितीच्या सुस्काऱ्याची. ज्या हेडफोनचं वरचं टोक उचललेलं असतं तो नव्या ध्वनिमुद्रणात छान, लखलखीत वाटतो, पण जुन्यात नेमकी खरखर पुढे आणून ठेवतो आणि गायक तिच्यामागे उभा राहतो.

हे मला कळलं ठाण्याच्या मैत्रिणीमुळे. ती जाहिरातींना आवाज देते, घरातच एका खोलीला गाद्या लावून तिने छोटा स्टुडिओ केलाय. तिच्याकडे दोन हेडफोन होते, सोनीचा एमडीआर-७५०६ आणि बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो. एक अख्खा रविवार मी तिच्याकडे बसून दोन्ही आळीपाळीने ऐकले. सोनीचा हा हेडफोन १९९१पासून बाजारात आहे आणि आजही रेडिओ केंद्रांत, चित्रीकरणाच्या जागी दिसतो, यातच त्याची लायकी आली. शब्द इतके स्पष्ट की बोलणाऱ्याने श्वास कुठे घेतला ते कळतं. मैत्रिणीला तेच हवं असतं. पण तबकडी लावल्यावर खरखरही तितकीच स्पष्ट झाली, आणि पाऊण तासाने माझे कान दमले. त्याची स्प्रिंगसारखी केबल कायमची जोडलेली आहे, काढता येत नाही; मला स्वयंपाकघरात वावरायचं असतं, तेव्हा तेही नको वाटलं.

डीटी ७७० प्रोच्या मी जवळजवळ प्रेमात पडले. कानाला मखमलीच्या गाद्या, डोक्यावर भार नाही, दोन तास घालून विसरून जावं असा. खर्ज तर असा भरदार की मिरजेच्या त्या पायरीवर बसल्यासारखं वाटलं. मैत्रिणीने आठवडाभर घरी न्यायला दिला आणि घरी दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, त्याचंही वरचं टोक चढं आहे. आठ हजार हर्ट्‌झच्या आसपासचा तो उंचवटा जाणकारांना ठाऊक असतो, काहींना तोच आवडतो. मला बंदिशीतला प्रत्येक ‘स’ आणि ‘श’ टोचायला लागला आणि तंबोऱ्याची जवारी चाचांनी दोरा केसभर जास्त सरकवावा तशी झणझणली. दुसरी गोष्ट ओहमची, म्हणजे हेडफोन विजेला किती अडवतो त्या मापाची, ती जरा सविस्तर सांगते, कारण घेताना पुष्कळ जण इथे चुकतात.

हा हेडफोन ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन प्रकारांत मिळतो. नाव एकच, रूप एकच, किमतीही आसपास, त्यामुळे आकडा मोठा तो चांगला असं समजून लोक २५०चा उचलतात. मैत्रिणीचाही २५०चाच, कारण तिच्याकडे त्याला जोर देणारं यंत्र आहे. माझ्याकडे फोन आणि हेडफोनची तार जोडायला त्याला लावायचं हजार रुपयांच्या आसपासचं सी-टाइपचं डोंगल. असं डोंगल जास्तीत जास्त एक व्होल्टच्या आसपास देतं असं धरा. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, हा शाळेतला हिशेब: ३२ ओहमला ३१ मिलिवॉट मिळतात, २५०ला फक्त ४. नव्या, मोठ्या आवाजात बनवलेल्या गाण्यांना चारही पुरतात. पण आकाशवाणीच्या जुन्या मैफलीतली आलापी मुळातच बारीक आवाजाची. मी आवाज शेवटच्या रेघेपर्यंत नेऊन बसायचे आणि मध्येच एखादी सूचना वाजली की दचकायचे. फोनवर ऐकणाऱ्याने ३२ ते ८०च्या आतलाच घ्यावा, किंवा जोर देणाऱ्या त्या यंत्रासाठी, म्हणजे अँपसाठी, वेगळे तीन-चार हजार बाजूला ठेवावेत. दहा हजारांत दोन्ही बसत नव्हतं.

सेनहायझरचा एचडी २८० प्रो दुकानात लावून बघितला. बाहेरचा आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते, आणि बाहेरची रहदारी खरोखर पुसली गेली. पण हे अडवणं येतं घट्ट पकडीतून. मी चष्मा लावते, आणि कानात कुड्या असतात. पकड घट्ट असली की चष्म्याची काडी कानामागच्या हाडात रुतते आणि कुडीची फिरकी मागून टोचते. हेडफोनबद्दल जेवढं मी वाचलं त्यात फिरकीबद्दल कुणी अवाक्षर काढलेलं नव्हतं, म्हणून मी इथे लिहून ठेवते: बायांनो, दुकानात जाल तेव्हा रोजचेच कानातले घालून जा, आणि किमान वीस मिनिटं हेडफोन डोक्यावर राहू द्या. पहिल्या पाच मिनिटांत सगळेच आरामशीर वाटतात.

मग एम४०एक्स. त्याच दुकानात, त्याच दिवशी, शेजारी एम२०एक्स आणि एम५०एक्सही होते. जास्त बोलबाला एम५०एक्सचा, पण त्यात खर्ज जरा फुगलेला आणि तो माझ्या बजेटबाहेरचा. एम४०एक्समध्ये तंबोरा लावला आणि चौथ्या-पाचव्या आवर्तनाला गंधार आला. त्याने तो पुढे ढकलला नाही, मागेही लपवला नाही. खर्जाच्या पोटातून जिथे उगवायला हवा तिथे उगवला. मग तबकडी लावली. खरखर होती, पण गायकाच्या मागे, पडद्यासारखी. नंतर विलंबित एकतालातला डग्गा, आणि घिस्स्याची रेघ खालून वर जाताना शेवटपर्यंत ऐकू आली. मी तिथेच पैसे दिले. नऊ हजारांच्या आत पडला.

३५ ओहम, ४० मिलिमीटरचा पडदा, वजन केबल सोडून २४० ग्रॅम. डोंगलवर आवाज साठ टक्क्यांच्या वर न्यावा लागत नाही. केबल काढता येते आणि दोन मिळतात, एक तीन मीटरची सरळ, दुसरी गुंडाळीची. कपाशी ती फिरवून अडकते, त्यामुळे मंगळसूत्रात गुंतून ओढली गेली तरी निसटत नाही. ही केबल शेवटाला वेगळ्या घडणीची असते, गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानात मिळणारी साधी केबल तिथे बसत नाही, हे ध्यानात ठेवा.

उणिवा आहेत. गाद्या उथळ आहेत. माझे कान आतल्या कापडाला टेकतात आणि तासाभराने पाळी तापते. मे महिन्यात तर घामाने ओल्या व्हायच्या. म्हणून मी ऑनलाइन नऊशे रुपयांच्या मखमली गाद्या मागवल्या. कानांना फार बरं वाटलं, गार, मऊ. तंबोरा लावला तर खर्ज गेलेला. तार वाजत होती, गंधार होता, पण तळाचा तो ६९चा आधार पातळ झाला होता, जणू भोपळ्याला चीर गेली होती. कारण साधं आहे. बंद हेडफोनचा खालचा आवाज गादी आणि त्वचा यांच्यामधल्या घट्ट सांध्यावर उभा असतो. मखमलीतून हवा निसटते आणि तिच्याबरोबर खर्ज. डीटी ७७०ची घडणच मखमल धरून केलेली आहे, म्हणून तिथे चालते. याच्यावर नाही. मी मूळच्या गाद्या परत चढवल्या.

आणि मग लक्षात आलं की चष्म्याची काडीसुद्धा तेच करते. माझी फ्रेम जाड प्लास्टिकची होती, काडीच्या वर-खाली फट राहायची. काडी गादीच्या वर उचलून धरली की खर्ज भरायचा, सोडली की विरायचा. हा प्रयोग प्रत्येक चष्मेवाल्याने करून बघावा, दोन सेकंदांत कळतो. पुढचा चष्मा मी बारीक धातूच्या काडीचा केला. कुड्या रात्री काढून ठेवते. पकड सुरुवातीला जरा घट्ट होती, तेव्हा माझ्या डोक्यापेक्षा किंचित रुंद अशी पुस्तकांची थप्पी करून त्यावर दोन रात्री ताणून ठेवला. आता ठीक आहे. हे सगळं केल्यावर जो आवाज मिळतो तो दुकानातल्यापेक्षाही चांगला आहे, आणि हेडफोन तोच.

बंद कप काय अडवत नाही तेही सांगते. पंखा, लेकीचं पुटपुटणं, शेजारच्यांचा टीव्ही, हे सगळं खूपच कमी होतं. पण फ्रिजचा घुमारा आत येतोच. जाड, खालचे आवाज नुसत्या गादीने थांबत नाहीत, आणि आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर चालणाऱ्या फ्रिजची घूंऽ साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास, खर्जाच्या शेजारीच. पहिले काही दिवस मला वाटायचं हेडफोनच गुणगुणतोय. मग खुर्ची फ्रिजपासून उचलून ग्रिलच्या खिडकीशी नेली आणि ते संपलं. आवाज इलेक्ट्रॉनिक्सने पुसणारे ब्लूटूथ हेडफोन हा घुमारा चांगला पुसतात हे खरं, पण त्यांची बॅटरी काही वर्षांत म्हातारी होते. मला दहा वर्षं टिकणारी, उघडून दुरुस्त होणारी वस्तू हवी होती.

पावसाळ्यात मी हा हेडफोन उघडा ठेवत नाही. रात्री कोरड्या सुती फडक्याने गाद्या पुसते आणि स्टीलच्या डब्यात, नव्या चपलांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवते. एक पावसाळा पार पडला, गाद्यांना तडा नाही. मूळच्यासारख्याच गाद्यांचा एक जोड जादा आणून ठेवलाय.

ज्यांचं बजेट पाच हजारांच्या आसपास आहे त्यांना मी एम२०एक्स बघायला सांगेन. खर्ज थोडा कमी, जवारीची झळाळी थोडी मिटलेली, पण स्वभाव सरळ आणि वजन १९० ग्रॅम. केबल मात्र कायमची जोडलेली असते, तेव्हा ती खुर्चीच्या पायाखाली येऊ देऊ नका. आणि दुकानात जाताना तंबोरा घेऊन जा, फोनमध्ये मावतो.